मधले पद फोडून अवयव कसे पाडावेत

दहावीला वर्गसमीकरणे सुरू झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी शाळांतल्या मुलांची खरी गाठ पडते ती खालच्या इयत्तेत घाईने उरकलेल्या अवयवांशी. एसएसएलसीसाठी, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या बोर्ड परीक्षेसाठी, सूत्रे घोकण्याआधी मधले पद फोडण्याची रीत हातात बसवावी, असे माझे मत आहे. पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतल्यावर गणित इंग्रजीतून शिकावे लागले, तरी मग केवळ नवी नावेच शिकायची उरतात.

१२क्ष² − १४क्ष − ४० ही राशी घेऊ. सर्वप्रथम सामाईक अवयव बाहेर काढावा: २(६क्ष² − ७क्ष − २०). ही पायरी गाळल्यास उत्तर (२क्ष − ५)(६क्ष + ८) असे येते. त्याचा गुणाकार बरोबर असला, तरी दुसऱ्या कंसात २ अडकून राहिल्यामुळे अवयव पूर्ण पडलेले नसतात.

आता कंसातील ६ आणि −२० यांचा गुणाकार −१२० येतो. ज्यांचा गुणाकार −१२० आणि बेरीज −७ होईल, अशा दोन संख्या शोधायच्या आहेत. गुणाकार ऋण असल्याने चिन्हे वेगळी असणार आणि बेरीज ऋण असल्याने मोठ्या आकड्याचेच चिन्ह ऋण असणार, एवढे आधी ठरवले की बरीच शोधाशोध वाचते. २० व ६ यांत फरक १४, १२ व १० यांत २, १५ व ८ यांत ७. म्हणून −१५ आणि ८.

६क्ष² + ८क्ष − १५क्ष − २०
= २क्ष(३क्ष + ४) − ५(३क्ष + ४)
= (३क्ष + ४)(२क्ष − ५)

बहुतेकांचे गणित चुकते ते मधल्या ओळीत. −५ बाहेर काढल्यावर −२० च्या जागी कंसात +४ उरते. तेथे −४ लिहिले गेले, तर दोन्ही कंस जुळत नाहीत, आणि कंस जुळले नाहीत की पुढे न जाता चिन्हेच पुन्हा पाहावीत. बाहेरचा २ मात्र उत्तरात विसरू नये: २(३क्ष + ४)(२क्ष − ५). क्षच्या जागी १ घालून ताळा पाहावा. मूळ राशी आणि उत्तर, दोन्हींची किंमत −४२ येते.

जोडी सापडतच नसेल, तर विवेचक काढावा, म्हणजे मधल्या सहगुणकाच्या वर्गातून पहिला सहगुणक आणि शेवटचे पद यांच्या गुणाकाराची चौपट वजा करावी. वरच्या कंसासाठी तो ४९ + ४८० = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग आहे. क्ष² + क्ष + १ साठी तो −३ येतो. विवेचक पूर्ण वर्ग नसेल, तेथे पूर्णांकांची जोडी शोधत बसण्यात अर्थ नाही.