झूमची नोंदणी थेट शीटमध्ये

झूमवर कार्यशाळा घेणार असाल, तर नोंदणी करणाऱ्यांची नावं हाताने शीटमध्ये उतरवत बसू नका. झॅपिअरमध्ये (वेगवेगळी अ‍ॅप एकमेकांना जोडणारी ऑनलाइन सेवा) झूमचा नव्या नोंदणीचा ट्रिगर, म्हणजे काम सुरू करणारी घटना, निवडा आणि पुढची कृती म्हणून गूगल शीट्समध्ये नवी ओळ जोडायला सांगा. कोणी फॉर्म भरला की नाव, ईमेल आपोआप शीटमध्ये येऊन बसतं. झूममध्ये नोंदणीची सोय पैसे भरलेल्या खात्यालाच मिळते, हे मात्र आधी पाहा.

खरी मेख शीटमध्ये आहे. कॉलमची शीर्षकं पहिल्या ओळीत आधीच लिहा. एकदा जोडणी झाली की मधे नवा कॉलम घुसवू नका, नाहीतर ईमेलच्या जागी फोन नंबर दिसू लागतात. रंगरंगोटी, फिल्टर, क्रमवारी हे सगळं दुसऱ्या टॅबवर. मूळ टॅबला हात नाही. उत्साही मंडळी दोनदोनदा फॉर्म भरतातच, त्यांना त्या दुसऱ्या टॅबवरच, सारख्या नोंदी एकदाच दाखवणाऱ्या ‘युनिक’ फॉर्म्युल्याने गाळा. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आली असेल तर ५ तास ३० मिनिटं मिळवा; एरवी सकाळी ९ला फॉर्म भरणारा पहाटे साडेतीनला जागा होता असं वाटेल!

लिंक ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःच्या दुसऱ्या ईमेलने एकदा नोंदणी करून ओळ नीट येते का ते बघा.