एक्सेलमधून ठरावीक रुंदीची टेक्स्ट फाईल कशी काढावी

पगार, हप्ते किंवा लाभांश बँकेत जमा करायचे असले की काही ठिकाणी एक्सेल शीट चालत नाही, सीएसव्हीही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाईल) चालत नाही. हवी असते साधी टेक्स्ट फाईल. तिच्यात स्वल्पविराम नसतात आणि कुठली माहिती कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत येणार हे आधीच ठरलेलं असतं. ही पद्धत पंचकार्डांच्या, म्हणजे भोकं पाडून माहिती साठवायच्या कार्डांच्या जमान्यातली. आयबीएमचं 80 रकान्यांचं कार्ड 1928 सालचं, पण तो हिशोब अजून चालू आहे.

सगळ्यात आधी समोरच्याकडून लेआउट, म्हणजे या जागांचा आराखडा, मागून घ्या, अंदाजाने काही करू नका. समजा तो असा आहे: खाते क्रमांक 1 ते 16, डावीकडे शून्यं, नाव 17 ते 46, उजवीकडे मोकळी जागा, आयएफएससी 47 ते 57, रक्कम 58 ते 69, पैशांत, दशांश चिन्ह न देता, तारीख 70 ते 77. म्हणजे प्रत्येक ओळ बरोबर 77 अक्षरांची.

एक्सेलमध्ये 'सेव्ह ॲज'खाली 'फॉरमॅटेड टेक्स्ट (स्पेस डिलिमिटेड)' असा पर्याय आहे, त्यातून पीआरएन फाईल निघते. दोन मिनिटांचं काम, पण मी तो वापरू नका असंच सांगेन. त्यात फाईलमधली रुंदी स्क्रीनवरच्या कॉलमच्या रुंदीवरून ठरते. कोणी माऊसने कॉलम जरा ओढला की सगळं सरकतं. शिवाय 240 अक्षरांपलीकडचा मजकूर तुटून फाईलच्या शेवटी वेगळ्या ओळींत जातो. लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सीएसव्ही सेव्ह करताना 'फिक्स्ड कॉलम विड्थ' मिळतं, पण तिथेही कॉलमची रुंदीच धरली जाते, आणि न मावणाऱ्या आकड्याच्या जागी फाईलमध्ये ### छापलं जातं. त्यापेक्षा रुंदी सूत्रातच लिहून टाकावी.

खाते क्रमांक ए, नाव बी, आयएफएससी सी, रक्कम डी आणि तारीख ई कॉलममध्ये आहे असं धरू. एफ2 मध्ये हे पाच तुकडे & ने जोडून एकच सूत्र करायचं. (फंक्शनची आणि कॉलमची नावं, तसंच तारखेचा साचा इथे देवनागरीत दिला आहे, शीटमध्ये हे सगळं रोमन अक्षरांत टाईप करा.)

=राइट(रेप्ट("0",16)&ए2,16)
&लेफ्ट(ट्रिम(बी2)&रेप्ट(" ",30),30)
&लेफ्ट(ट्रिम(सी2)&रेप्ट(" ",11),11)
&टेक्स्ट(डी2*100,"000000000000")
&टेक्स्ट(ई2,"डीडीएमएमवायवायवायवाय")

1250.50 रुपये असतील तर 000000125050 येईल. सूत्र खालपर्यंत ओढा आणि शेजारी जी2 मध्ये =लेन(एफ2)=77 टाका. जिथे 'फॉल्स' दिसेल ती ओळ बिघडलेली.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. टेक्स्ट फंक्शनला आकडा मावला नाही तर ओळ लांबते, म्हणून चूक दिसते. उणे रक्कम किंवा 05.04.2025 अशी मजकूर म्हणून टाईप केलेली तारीखही अशीच पकडली जाते. लेफ्ट आणि राइट मात्र न मावणारी अक्षरं गुपचूप कापतात आणि ओळ 77 चीच राहते. नावाची शेपटी गेली तर एक वेळ चालेल, खाते क्रमांकाचे सुरुवातीचे अंक गेले तर चालणार नाही. त्यामुळे ए कॉलमची लांबी वेगळी तपासा. तारखेत दिवस आणि महिना उलटे झाले असतील तर ते कुठलंच सूत्र सांगणार नाही. तो कॉलम डोळ्यांनीच पाहायचा.

खाते क्रमांकाचा कॉलम आकडे भरण्याआधीच 'टेक्स्ट' फॉरमॅटमध्ये घ्या. एक्सेल आकड्याचे 15 अंकच अचूक ठेवतं. सोळावा अंक शून्य होतो, सुरुवातीची शून्यंही उडतात, आणि नंतर फॉरमॅट बदलून ती परत येत नाहीत. रक्कम टक्केवारी काढून आली असेल तर डी कॉलममध्येच ती राउंडने दोन दशांशांवर आणा, नाहीतर फाईलची बेरीज आणि शीटची बेरीज काही पैशांनी जुळत नाही. वेबवरून चिकटवलेल्या नावांत कधीकधी 160 क्रमांकाची मोकळी जागा लपलेली असते. ट्रिम ती काढत नाही, सब्स्टिट्यूटने काढावी लागते.

नावं मराठीत असतील तर आधी एक प्रश्न विचारा: 30 म्हणजे अक्षरं की बाइट? 'श्री' डोळ्यांना एकच अक्षर दिसतं, लेन त्याचे 4 घटक मोजतं आणि यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं फाईलमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) त्याचे 12 बाइट होतात. बाइट मोजणाऱ्या यंत्रणेत 30 च्या जागेत लेनने मोजलेले असे दहाच घटक बसतील. बँकेच्या फाईलसाठी नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत देणं सोपं पडतं.

आता फक्त एफ कॉलम कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. वर्ड रॅप बंद ठेवा, फॉन्ट कन्सोलससारखा समान रुंदीचा घ्या, म्हणजे रकाने सरळ रेषेत दिसतील. शेवटी राहिलेली रिकामी ओळ काढा, काही यंत्रणा तिलाही नोंद समजतात. सेव्ह करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-8' किंवा 'एएनएसआय' निवडा, जे मागितलं असेल ते. 'विथ बीओएम' नको, कारण त्याने पहिल्या ओळीच्या आधी न दिसणारे तीन बाइट जातात.

पाठवण्यापूर्वी हीच फाईल टेक्स्ट इम्पोर्ट विझार्डने 'फिक्स्ड विड्थ' निवडून नव्या शीटमध्ये उघडा. 16, 46, 57 आणि 69 वर रेषा ओढा, खाते क्रमांकाचा कॉलम 'टेक्स्ट' ठेवा, आणि रकमेची बेरीज शंभराने भागून मूळ शीटशी ताडून बघा.