जुन्या गाडीत थर्मोस्टॅट बसवताय? या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ओलांडतो, जुन्या गाडीचा काटा चढायला लागतो आणि मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं असतं: "थर्मोस्टॅट काढून टाका भाऊ, नागपुरात काहून लावता?"

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. माझ्या अँबेसेडरचा असाच निघाला होता. उन्हाळ्यात काटा तरीही चढला, कारण बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी रेडिएटर अर्धा बुजला होता. डिसेंबरात मात्र इंजिन गरमच होईना. चोक ओढून ठेवावा लागे, पेट्रोल जास्त जाई आणि ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय धरू लागली. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट ८२च्या आसपासच उघडायला लागतो, बाहेर ४५ असो की १०.

नवा आणला तरी तपासल्याशिवाय बसवू नका. जुन्या गंजात (पातेल्यात) पाणी तापवा. दोरा थर्मोस्टॅटच्या झडपेत अडकवून तो पाण्यात लोंबकळता ठेवा, तळाला टेकू देऊ नका. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुपकन खाली पडतो. त्या क्षणी थर्मामीटर बघायचा. (तापाचा थर्मामीटर यात घालू नका, ४२च्या पुढे त्याचं काम नाही.)

मेणाचा गोळा (तापला की हाच फुगून झडप उघडतो) आणि स्प्रिंगची बाजू इंजिनकडे. उलटा बसला तर मेणाला इंजिनचं गरम पाणी वेळेवर लागत नाही, झडप उशिरा उघडते आणि गाडी उकळते. हाउसिंग (थर्मोस्टॅटचं घर) उभं असेल तर हवा काढणारी छोटी पिन वर हवी.

आता गळती. माझ्या गाडीत तीनदा पॅकिंग बदललं, दरवेळी सिलिकॉनचा थर जाड होत गेला, तरी एल्बोच्या (थर्मोस्टॅटवरच्या वाकड्या झाकणाच्या) कडेला थेंब यायचाच. एल्बो काचेवर उपडा ठेवला तेव्हा कळलं: बोट लावलं की डुगडुगत होता. आधी कुणीतरी नट करकचून आवळले होते आणि नट बसतात ते एल्बोचे ॲल्युमिनियमचे कान वाकले होते. काचेवर ओला पॉलिश पेपर पसरून एल्बो गोल फिरवत घासला. आधी फक्त कान चमकले, मधला भाग काळाच राहिला. सगळीकडे सारखी चमक यायला पाऊण तास गेला.

हेडमधल्या (इंजिनच्या वरच्या भागातल्या) खाचेत थर्मोस्टॅटची कडा पूर्ण बसलीय का, तेही बोटाने चाचपा. जुन्या पॅकिंगचा कपचा तिथे राहिला तर कडा वर राहते, आणि नट आवळताना एल्बोचा कान तडकतो. कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सीलंटचा नुसता हात फिरवा. जास्तीचं आत पिळलं जातं आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन अडकतं. नट आळीपाळीने, थोडे थोडे, लहान पान्याने.

सीलंट वाळायचा वेळ पाकिटावर असतो तेवढा द्या. लगेच पाणी भरलं तर सगळी मेहनत फुकट.

भरताना बोअरचं पाणी नको. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट वापरा. बर्फाची भीती इथे नाही, पण गंज थांबतो आणि उकळबिंदू वाढतो. हीटरचा वाल्व उघडा, सावकाश ओता, इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून चालू करा. वरचा होज (रबरी पाइप) गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. तेव्हा पातळी खाली जाते, ती भरून झाकण लावा. गरम इंजिनचं झाकण कधीच उघडू नका.

मग बुटीबोरीपर्यंत चक्कर मारून या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एल्बोखाली बॅटरी मारून पाहा. गळणारं पाणी गरम हेडवर सुकून जातं, थेंब दिसत नाही. पांढरा किंवा हिरवट ओघळ दिसतो.