पेशी विभाजन शिकताना या चुका टाळा: पेशी मोजू नका, गुणसूत्रं मोजा

'सजीवांना पेशी विभाजन कशासाठी हवं?' दहावीच्या कुठल्याही वर्गात विचारा, उत्तर ओठांवर असतं: वाढ, झीज भरून काढणं, प्रजनन. गुण मिळतात. मग सहज विचारा, आपल्याकडे हळदीचं बी का पेरत नाहीत? वर्ग चिडीचूप. हळदीच्या बाजारपेठेचं गाव सांगली, आणि प्रश्न हळदीचा! पाठांतर कमी पडतं असं नाही. 'एकाच्या दोन, दोनाच्या चार' असं पेशी मोजण्यात सगळं लक्ष जातं आणि आतल्या गुणसूत्रांचा, म्हणजे डीएनए वाहणाऱ्या धाग्यांचा, हिशेब कोणी ठेवत नाही. बहुतेक चुका तिथूनच निघतात.

वाढ म्हणजे नुसतं विभाजन नव्हे

तासगाव, मिरज भागातल्या द्राक्ष बागायतदाराला हे पुस्तकाविना ठाऊक असतं. फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मण्यातल्या पेशी भराभर विभागतात. त्यानंतर त्यांची संख्या जवळपास ठरून जाते आणि मणी मोठा होतो तो त्याच पेशी पाणी आणि साखर घेऊन फुगतात म्हणून. संजीवकांच्या (वाढीवर परिणाम करणाऱ्या रसायनांच्या) द्रावणात घड बुडवायची वेळ मण्याच्या मिलिमीटरवर ठरते ती याचसाठी. त्यातलं जीए (जिबरेलिक आम्ल) मुख्यतः पेशींचा आकार वाढवतं, सीपीपीयू हे दुसरं संजीवक विभाजनाला जोर देतं. वेळ टळल्यावर 'आता थोडं जास्त घालू' म्हणून डोस वाढवला तर गेलेलं विभाजन परत येत नाही. उलट सीपीपीयू जादा झालं की मण्यात गोडी उतरायला उशीर होतो. परीक्षेत लिहिताना वाढीची दोन्ही अंगं लिहा: पेशींची संख्या आणि पेशींचा आकार.

इंटरफेज म्हणजे विश्रांती नव्हे

ही चूक जुन्या गाइडांनी घट्ट बसवली आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं असतं, त्यातलं प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचं. उरलेला सगळा वेळ इंटरफेजचा, म्हणजे दोन विभाजनांमधला. पेशी वाढते, डीएनएची दुसरी प्रत तयार होते, ती नीट तपासली जाते. पूर्वावस्थेत, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या पायरीत, गुणसूत्रं 'दुप्पट होतात' असं लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: प्रत आधीच झालेली असते, पूर्वावस्थेत ती आखूड-जाड होऊन दिसू लागते एवढंच.

कांद्याच्या मुळाच्या प्रॅक्टिकलमध्ये मुलं गोंधळतात ती इथेच. सूक्ष्मदर्शकाखाली दहापैकी आठ-नऊ पेशींत नुसता गोल केंद्रक दिसतो आणि 'सर, स्लाइड बिघडली' अशी हाक येते. बिघडलेली नसते. बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच असणार.

खरी बिघडलेली स्लाइड वेगळी ओळखू येते. लांबलचक, आयताकृती पेशी ओळीने दिसत असतील तर मुळाचं टोक सोडून वरचा भाग घेतलेला आहे. विभाजन चालतं ते टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये, तेवढंच कापा. पेशी एकावर एक थर करून बसल्या असतील तर आम्लात मूळ पुरेसं मऊ झालेलं नाही, किंवा कव्हरस्लिप दाबताना हात हलका पडला. दाबताना टिपकागद ठेवा, अंगठा सरळ खाली दाबा, सरकवू नका. सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि मग काहीच सुधरत नाही. रंग फिका असेल तर अ‍ॅसिटोकार्मिन घालून स्लाइड दिव्यावरून झरझर फिरवा, पण उकळी येऊ देऊ नका. मुळंच फुटत नसतील तर कांदा बदला. नुकता काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो. आणि कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांचा मारा दिलेला कांदा तर या कामाचा नाहीच, कारण त्या किरणांनी नेमक्या विभागणाऱ्या पेशींनाच रोखलेलं असतं.

आकडा चुकतो तो इथे

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं. मध्यावस्थेत, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर ओळीने येतात तेव्हा, किती? निम्मी मुलं ३२ लिहितात, कारण प्रत झालेली असते. उत्तर १६. गुणसूत्र मोजताना गुणसूत्रबिंदू मोजायचा. दोन अर्धगुणसूत्रं (मूळ धागा आणि त्याची प्रत) एका बिंदूला जोडलेली आहेत तोवर ते एकच गुणसूत्र. पुढच्या पायरीत, पश्चावस्थेत, बिंदू दुभंगला की तेवढ्या वेळापुरती ३२ होतात आणि नंतर दोन्ही पेशींत १६-१६ जातात.

हे झालं सूत्री विभाजन, त्यात संख्या तीच राहते. युग्मकं (अंडपेशी, शुक्रपेशी) तयार करणाऱ्या, दोन भागांत होणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनातही हाच हिशेब सांभाळा. संख्या निम्मी होते ती पहिल्या भागात, सजातीय जोड्या (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेलं गुणसूत्र) वेगळ्या होतात तेव्हा. दुसरा भाग बराचसा सूत्री विभाजनासारखाच. माणसात ४६ ची २३ होतात ती पहिल्याच भागात, पण त्या २३ पैकी प्रत्येक अजून दुहेरी असतं. पहिल्या भागात जोडी सुटलीच नाही तर एका युग्मकात एक गुणसूत्र जास्त जातं. २१ क्रमांकाचं गुणसूत्र तिहेरी झालं की डाऊन सिंड्रोम होतो. त्यात बहुतेक वेळा कारण युग्मक तयार होतानाची हीच चूक असते.

आता हळद. तिच्या पेशीत ६३ गुणसूत्रं असतात, म्हणजे २१ चे तीन संच. तीन संचांच्या जोड्या लावायच्या कशा? अर्धगुणसूत्री विभाजन अडखळतं, फूल येतं पण बी सहसा धरत नाही. सूत्री विभाजनाला मात्र जोड्यांची गरजच नाही. म्हणून जेठा गड्डा बेणं म्हणून लावला की त्यातून हुबेहूब तीच हळद उगवते. (बेणं म्हणूनच कच्चं राखून ठेवतात. शिजवलेल्या हळकुंडातली पेशी मेली, तिचं विभाजन संपलं.) हुबेहूब असण्याचा तोटाही आहे: कंदकुज शिरली तर तिच्यापुढे सगळं शेत सारखंच दुबळं.

'प्रजननासाठी विभाजन' लिहिताना कोणतं विभाजन हे सांगा, ते यासाठी. अमिबाला एकदा विभागणं म्हणजेच प्रजनन. जिवाणूला तर केंद्रकच नाही, त्याचं ते द्विविभाजन. तिथे पूर्वावस्था-मध्यावस्था लिहू नका.

सगळ्या पेशी विभागत नाहीत

पक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतो. ती सुमारे १२० दिवस जगते आणि नवी येते ती अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींकडून. चेतापेशी बहुतांशी विभागतच नाहीत, म्हणून कातडीची जखम भरून येते तशी मज्जारज्जूची येत नाही.

कर्करोगाबद्दल 'पेशी फार वेगाने विभागतात' असं लिहितात, ते अर्धंच खरं. अस्थिमज्जाही वेगाने विभागते, तो काही रोग नव्हे. कर्करोगाच्या पेशीत थांबायची खूण पाळली जात नाही. पेशीचक्र कधी पुढे सरकायचं आणि कधी थांबायचं हे ठरवणारी यंत्रणा उलगडणाऱ्या हार्टवेल, हंट आणि नर्स या शास्त्रज्ञांना २००१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. काही औषधं विभाजनाच्या यंत्रणेवरच घाव घालतात. दारातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन तुर्कतंतू (गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढणारे धागे) तयार होऊ देत नाही, मग गुणसूत्रं मध्येच अडकून पडतात. केमोथेरपीत केस गळतात त्याचं कारणही हेच: बऱ्याच औषधांना रोगी पेशी आणि केसांच्या मुळाशी भराभर विभागणारी निरोगी पेशी यांतला फरक कळत नाही. एवढं वाचून कोणी सदाफुलीची पानं चघळायला लागू नये. शुद्ध केलेलं औषध डॉक्टर मोजून शिरेतून देतात. पानात काय आणि किती आहे याला कसलंच माप नाही, आणि ते झाड विषारी आहे.