मस्टँगची फुटलेली पुढची काच बदलताना

एक्सप्रेसवेवर डंपरमधून खडी उडाली आणि माझ्या मस्टँगच्या काचेला ड्रायव्हरसमोरच हातभर तडा गेला, अशा तड्याला रेझिन भरून भागत नाही, काच बदलायचीच. आधी इन्शुरन्सवाल्यांना फोटो पाठवा, काचेवर डेप्रिसिएशन, म्हणजे जुनी झाल्याची घट, कापत नाहीत पण 1500 सीसीच्या वरच्या गाडीला क्लेममधले 2000 रुपये आपल्यालाच भरावे लागतात.

वायपर, त्याखालचं प्लास्टिक, कडेच्या पट्ट्या काढल्या की वायरने जुना गोंद कापायचा. आता खरं काम. जुना युरेथेन, म्हणजे काच चिकटवायचा हाच गोंद, पार पत्र्यापर्यंत खरवडू नका, एक-दोन मिलिमीटरचा थर राहू द्या, नवीन त्यावरच घट्ट धरतो. पत्र्यावर ओरखडा गेलाच तर तिथल्या तिथे प्रायमर लावा, नाहीतर आतून गंज धरतो आणि पावसाळ्यात डॅशबोर्डवर पाणी टपकायला लागतं, मी बघितलंय हे. युरेथेनची त्रिकोणी धार कुठेही न तुटता फिरवायची, मग दोघांनी सक्शन कपने काच उचलून एकदाच नीट बसवायची, सरकवत बसायचं नाही.

बाजूच्या सीटची एअरबॅग काचेच्या आधारानेच फुगते, म्हणून युरेथेनच्या ट्यूबवर लिहिलेला सुकायचा वेळ होईपर्यंत गाडी अजिबात चालवू नका. आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा, दार आपटलं की आतल्या हवेच्या दाबाने ओला गोंद सुटतो.