ग्रँड जंक्शनला आरव्ही घेऊन जाण्याआधी

डेन्व्हरहून इंटरस्टेट ७० धरून पश्चिमेला साधारण ४०० किलोमीटर गेलं की रॉकी पर्वत मागे पडतो आणि कोलोरॅडो नदी एका मोकळ्या खोऱ्यात उतरते. गनिसन नदी तिला मिळते तिथे अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं ग्रँड जंक्शन शहर आहे. उत्तरेला बुक क्लिफ्सची करडी भिंत, नैर्ऋत्येला कोलोरॅडो नॅशनल मॉन्युमेंट या संरक्षित निसर्गक्षेत्राचे लाल कडे, पूर्वेला ग्रँड मेसाचं सपाट माथ्याचं पठार. शेजारच्या पॅलिसेड गावच्या पीचच्या बागा आणि द्राक्षमळे पाहून खोरं सुपीक वाटतं, पण ही हिरवाई कालव्यांची आहे. मुळात हा कोरडा मुलूख. आरव्हीची, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीची, सगळी तयारी हे लक्षात ठेवूनच करायची. खाली कडक ऊन, वर मेसावर थंडी, आणि डेन्व्हरहून खोऱ्यापर्यंत नेणारा रस्ता ११,००० फुटांवरून.

पहिलं काम मुक्कामाची जागा, कारण पुढची निम्मी यादी त्यावर ठरते. नदीकाठी जेम्स एम. रॉब कोलोरॅडो रिव्हर स्टेट पार्कचे दोन तळ आहेत, पश्चिमेला फ्रूटा आणि पूर्वेला पॅलिसेडच्या पुढे आयलंड एकर्स. दोन्हीकडे वीज-पाण्याचे हुकअप असलेल्या जागा मिळतात. बुकिंग सहा महिने आधी उघडतं, त्यामुळे पीचच्या हंगामातले, म्हणजे ऑगस्टमधले शनिवार-रविवार हवे असतील तर फेब्रुवारीतच तारीख लावून बसा. गाडीचा स्टेट पार्क पास वेगळा घ्यावा लागतो, तो जागेच्या भाड्यात धरलेला नसतो. आयलंड एकर्स सुंदर आहे, पण हायवे आणि रेल्वे दोन्ही जवळ; झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे न्या. मॉन्युमेंटमधलं सॅडलहॉर्न कॅम्पग्राउंड कड्याच्या माथ्यावर आहे आणि रात्रीचं आकाश तिथूनच बघावं. मात्र तिथे हुकअप नाही, शॉवर नाही, लाकडं पेटवायची नाहीत. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी फ्रूटाला उतरावं आणि सॅडलहॉर्नला फार तर एक रात्र, टाकी भरून, जावं.

भाड्याची गाडी ठरवताना लांबीचा मोह आवरा. चार-पाच माणसांना २५ फुटी क्लास सी, म्हणजे चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली मध्यम आरव्ही, पुरते, आणि घाटात ती हाताळणंही सोपं जातं. गाडी ताब्यात घेतल्याबरोबर तिची उंची, एसीच्या डब्यासकट, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. मॉन्युमेंटमधल्या रिम रॉक ड्राइव्हवर डोंगरातून कोरलेले बोगदे आहेत. त्यांचं छत कमानीचं, म्हणून कडेला उंची कमी भरते. टायरवर आठवडा आणि वर्ष सांगणारा चार आकडी कोड असतो, तोही वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. टायर सहा-सात वर्षांचा निघाला तर खोबण्या कितीही चांगल्या दिसोत, दुसरी गाडी मागा. उन्हाने भाजलेल्या रस्त्यावर जड गाडीचा जुना टायर फुटणं ही इथली खरी भीती आहे.

डेन्व्हरकडून येणाऱ्यांनी रस्त्याचा अभ्यास आदल्या रात्रीच करावा. आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, त्यानंतर सिल्व्हरथॉर्नपर्यंत तीव्र उतार, मग १०,६६२ फुटांची व्हेल खिंड आणि पुन्हा उतार. अशा उतारांवर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नसतं. ते तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. माथ्यावरच खालचा गिअर किंवा टो-हॉल मोड (जड गाडीला उतारावर खालच्या गिअरमध्ये ठेवणारी सोय) टाका, ब्रेक जोराने पण थोडा वेळ दाबा आणि सोडा. सप्टेंबर ते मे या काळात मॉरिसन ते डॉटसेरो टप्प्यावर हिवाळी टायर किंवा साखळ्यांचा नियम लागू असतो, तेव्हा ऑक्टोबरच्या सहलीसाठी गाडी भाड्याने देणाऱ्याला हे आधीच विचारा. पुढे ग्लेनवूड कॅन्यन लागतो. २०२० च्या वणव्यानंतर २०२१ च्या पावसात तिथे दरडी कोसळल्या आणि हायवे काही आठवडे बंद राहिला. अशा वेळी फोनमधला नकाशा इंडिपेंडन्स खिंडीकडे वळवू शकतो. तिकडे ३५ फुटांहून लांब गाड्यांना बंदी आहे आणि त्याहून छोट्या आरव्हीनेही जाऊ नये असं मी म्हणेन. रस्ता बंद असेल तर अलीकडेच मुक्काम करा. निघताना राज्याच्या वाहतूक खात्याचं सीओ-ट्रिप हे रस्त्यांची स्थिती सांगणारं संकेतस्थळ पाहून निघणं, आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर पुन्हा पाहणं, हा यादीतला सर्वांत स्वस्त मुद्दा आहे.

आता वीज. जुलैत इथलं दुपारचं तापमान ३४-३५ अंशांवर जातं आणि काही दिवस चाळिशीला टेकतं, तेव्हा एसी बंद ठेवून चालत नाही. ३० अँपच्या जोडणीवर १२० व्होल्टने एकूण ३,६०० वॉट मिळतात. त्यातले दीड हजारांच्या आसपास एसी एकटा खातो. मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकदम लावली की ब्रेकर पडलाच. म्हणून चहा गॅसवर, आणि मायक्रोवेव्ह चालवताना बाकी सगळं बंद, असा नियम घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मुक्कामाच्या जागेवरच्या विजेच्या खांबावर ५० अँपचं सॉकेट आणि गाडीला ३० चा प्लग असेल तर मधला अडॅप्टर लागतो. सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज अचानक वाढल्यास गाडीला वाचवणारं उपकरण) स्वतःचा न्या आणि आधी तो खांबाला लावून दिवे तपासा, मगच गाडीची वायर जोडा.

पाण्यासाठी पांढरा, पिण्याच्या पाण्याचा होज वेगळा, सांडपाण्याचा जाड होज वेगळा, आणि दोन्ही कधीही एका पेटीत ठेवायचे नाहीत. नळाला प्रेशर रेग्युलेटर लावा, नाहीतर दाब वाढून गाडीच्या आतली नळी निसटते. रबरी हातमोजे, टॉयलेटचं रसायन आणि लवकर विरघळणारा टॉयलेट पेपर आपल्या गाडीत आहेत का ते मोजून घ्या. मैल्याच्या टाकीची झडप रोज उघडी ठेवू नये; पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी बसतो. दोन-तृतीयांश भरली की आधी ती रिकामी करायची, मग अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे तेच पाणी होज धुऊन काढतं. सॅडलहॉर्नला जाणार असाल तर दोन्ही टाक्या रिकाम्या आणि ताज्या पाण्याची भरलेली हवी. पिण्यासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरा. हवा इतकी कोरडी आहे की घाम अंगावर दिसत नाही आणि तहान लागल्याचं उशिरा कळतं.

गाडी उभी केल्यावर पाणसळ लावून ती समतल करा, उताराच्या बाजूच्या चाकांखाली ठोकळे आणि मग पाचर. गॅसवर चालणारा फ्रिज तिरक्या गाडीत नीट थंड होत नाही, आणि तो घरून निघायच्या आदल्या रात्रीच सुरू करावा लागतो.

स्वयंपाकाच्या पेटीत छोटा प्रेशर कुकर अवश्य. खोऱ्यात पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, ग्रँड मेसावर १०,००० फुटांवर नव्वदीलाच. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी बोटचेपी होत नाही. कुकरमध्ये दोन शिट्ट्या जास्त दिल्या की काम झालं. मेतकूट, भाजलेला रवा, थालीपिठाची भाजणी, लसणाची चटणी आणि ताकासाठी दही एवढं असलं की दुपारच्या उन्हात गॅस पेटवावा लागत नाही. तळण टाळा, वास गाडीच्या गाद्यांत बसतो आणि सफाईचे पैसे कापले जातात. हवाबंद पिशव्या खिंडीत फुगतात, तेव्हा लोणच्याची बरणी पिशवीत बांधून ठेवा. फळं मात्र घरून नेऊ नका. पॅलिसेडच्या स्टॉलवर पिकलेला पीच हातात घेऊन बघा, पेटी घेतल्याशिवाय निघवणार नाही.

भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांचा विचार स्वतंत्र करा. चालकाच्या डोक्यावरचा पलंग त्यांना देऊ नये, शिडी उंच असते. खाली उतरायची पायरी, रात्रीचा दिवा, औषधं आणि प्रवास विम्याचे कागद हाताशी. चालत्या गाडीत प्रत्येकाने पट्टा लावूनच बसावं, मागे चहा करणं किंवा आडवं होणं नाही. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर मेसाचा दिवस ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कपडे: टोप्या, सुती पूर्ण बाह्या, आणि जुलैतसुद्धा मेसासाठी स्वेटर. नदीकाठी संध्याकाळी डास, मेसावरच्या तळ्यांपाशी त्याहून जास्त. सायकली नेत असाल तर पंक्चरचं सामान दुप्पट घ्या. आपल्याकडे माळावर पायात घुसतो तोच सराटा इथल्या वाटांवर आहे. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, पाणी गार आणि ओढ जबर. मुलांना लाइफ जॅकेटशिवाय काठाला सोडू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी अचानक वादळ येतं, म्हणून गाडी सोडून जाताना तिच्या बाजूला पसरलेल्या छपरीचं कापड गुंडाळूनच जा. शेकोटीची बंदी कोणत्या टप्प्यावर आहे हे पार्कच्या कार्यालयात पोचल्या दिवशी विचारा.

परत देताना टाक्या रिकाम्या, प्रोपेन आणि पेट्रोल करारात लिहिल्याइतकं, आणि जनरेटरच्या तासांचा व मैलांचा आकडा फोटोत. बाहेरच्या चारही बाजूंचे आणि छताचे फोटो गाडी घेतानाच काढलेले असले की परतीच्या दिवशी वाद उरत नाही.