पसारा मोजताना या चुका टाळा: एसडीचं उत्तर गडबडतं ते कुठं

मागच्या रविवारी ट्यूशनच्या पोरांसमोर किचनमधला डिजिटल काटा ठेवला आणि त्यांना संत्री तोलायला लावली. दोन ठेल्यांवरून पाच-पाच आणली होती. पहिल्याची निघाली १४८, १५०, १५१, १५२, १५३ ग्रॅम आणि दुसऱ्याची ११०, १३०, १५०, १७०, १९०. सरासरी एकीकडे १५०.८, दुसरीकडे १५०, म्हणजे नुसती सरासरी पाहिली तर दोन्ही ठेले सारखेच, पण ज्याच्या वाट्याला ते ११० चं लिंबाएवढं फळ आलं त्याचं तोंड पाहायला पाहिजे होतं. पुस्तकात याला अपस्करण म्हणतात, आम्ही पसारा म्हणतो. रेंज (सगळ्यात मोठा वजा सगळ्यात छोटा), क्वार्टाइल (चढत्या क्रमानं लावलेल्या आकड्यांचे चार समान भाग पाडणाऱ्या खुणा), व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी), एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे व्हेरियन्सचं वर्गमूळ) हे सगळे तोच पसारा मोजतात. सूत्र पोरांना पाठ असतं हो, चुकतं ते सूत्राच्या आजूबाजूला.

"मॅडम, मायनस येऊन राहिलं!"

हे दरवर्षी कुणीतरी ओरडतंच. या वेळी पहिल्या ठेल्याच्या संत्र्यांवर ओरडलं. व्हेरियन्सचं शॉर्टकट सूत्र असं की आकड्यांच्या वर्गांची सरासरी काढा आणि त्यातून सरासरीचा वर्ग वजा करा. पाच वजनांच्या वर्गांची बेरीज १,१३,७१८, भागिले ५ म्हणजे २२,७४३.६. इथपर्यंत बरोबर. पुढं पोरानं १५०.८ ला "जवळपास १५१ च तर आहे" म्हणून १५१ करून टाकलं, त्याचा वर्ग २२,८०१, वजाबाकी मायनस ५७.४, आणि मग वर्गमूळ काढायला गेला तर कॅल्क्युलेटरवर मॅथ एरर. १५०.८ तसंच ठेवलं असतं तर २२,७४०.६४ वजा होऊन २.९६ राहिलं असतं, आणि एसडी १.७२ ग्रॅम. दोन मोठ्या आकड्यांतून एक छोटासा फरक काढायचा असतो ना, तिथं ०.२ चा हलगर्जीपणाही सगळं उत्तर गिळून टाकतो, म्हणून राउंड करायचं ते फक्त शेवटी. व्हेरियन्स कधीच मायनस नसतो, वर्गांची सरासरी मायनस येईलच कशी? आला तर डेटाकडे नाही, स्वतःच्या राउंडिंगकडे पाहायचं. आणि दरवेळी शून्यच येत असेल तर तुम्ही वर्ग न करताच सरासरीपासूनचे फरक बेरजेत घेतलेत, ती बेरीज शून्य येणारच.

ग्रॅम की ग्रॅमचा वर्ग

दुसऱ्या ठेल्याचा व्हेरियन्स ८०० आला आणि एकीनं लिहिलं "संत्री सरासरीपासून ८०० ग्रॅमनं पसरली आहेत". अगं, १५० ग्रॅमचं फळ ८०० ग्रॅमनं कसं पसरेल? ८०० हे ग्रॅमच्या वर्गात आहे, वर्गमूळ काढल्यावर २८.३ ग्रॅम येतात आणि बोलायचं ते त्यातच. पुस्तकात व्हेरियन्स आधी येतो म्हणून पोरांना तो थोरला वाटतो, पण नावाच्या हिशोबानं एसडीच थोरलं आहे, कार्ल पिअर्सननं ते नाव १८९० च्या दशकात आणलं आणि व्हेरियन्स हा शब्द रोनाल्ड फिशरनं १९१८ मध्ये.

५६ डिग्रीवाला दिवस

३० मे २०२४ आठवतो का? नागपूरच्या एका ऑटोमॅटिक वेदर स्टेशननं ५६ डिग्री दाखवले आणि सगळ्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरले. उन्हाळा आपल्याला नवा नाही, मे २०१३ मध्ये ४७.९ झालंच होतं, पण ५६ म्हणजे अतिच झालं. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आता समजा पाच दिवसांचं तापमान ४२, ४३, ४४, ४५, ४६ आहे. रेंज ४, एसडी १.४१. शेवटच्या ४६ च्या जागी ५६ आला की रेंज १४ आणि एसडी थेट ५.१, आणि चार दिवस तर जसेच्या तसे आहेत! मधल्या ५० टक्क्यांचा पसारा, म्हणजे आयक्यूआर, तो मात्र ४३ ते ४५, दोन्ही वेळा २ च. म्हणून उत्तर अवाच्या सवा आलं की आधी सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा डोळ्यानं बघा. गुपचूप खोडू मात्र नका, सेन्सर खरंच बिघडला होता हे कळल्यावर काढा आणि काढलं असं लिहा. (क्वार्टाइल काढताना आकडे चढत्या क्रमानं लावायचे, हे सांगायची गरज पडू नये पण पडते. एक्सेलमध्ये क्वार्टाइलच्या इन्क (INC) आणि एक्स्क (EXC) अशा दोन पद्धती आहेत, वरचे ४३ आणि ४५ इन्कचे, उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर पहिला संशय त्यावर घ्या.)

याच तापमानावर अजून एक फसगत आहे. कोएफिशंट ऑफ व्हेरिएशन (सीव्ही) म्हणजे एसडी भागिले सरासरी, टक्क्यात. सेल्सिअसमध्ये १.४१ भागिले ४४, ३.२ टक्के. तेच पाच दिवस फॅरनहाइटमध्ये नेले तर एसडी २.५५ (१.८ नं गुणायचं, ३२ मिळवायचे नाहीत, सगळेच आकडे ३२ नं सरकले तर पसारा थोडीच बदलतो), सरासरी १११.२, आणि सीव्ही २.३ टक्के. ऊन तेच, घाम तोच, आणि पसारा कमी झाला? जिथं शून्य म्हणजे खरोखर काहीच नाही, जसं वजन किंवा पैसे, तिथंच सीव्ही वापरा.

गैरहजर पोरगा शून्यावर

युनिट टेस्टचे मार्क ६०, ६२, ६४, ६६, ६८, एसडी २.८. सहावा पोरगा आलाच नव्हता आणि कुणीतरी एक्सेलमध्ये त्याच्या पुढं ० टाकलं, एसडी २४! सेल रिकामा सोडला असता तर एक्सेलनं तो धरलाच नसता. कॅल्क्युलेटरवर याचा भाऊ म्हणजे आधीच्या गणिताचा डेटा क्लिअर न करणं, त्यामुळे संत्र्यांच्या एसडीत मागच्या गणितातले पगार मिसळतात.

तसंच १२० ग्रॅमच्या फळांची एक पेटी आणि १८० ग्रॅमच्या तेवढ्याच फळांची एक पेटी एकत्र ओतली तर सरासरी १५०, एसडी ३०, आणि पेटीत १५० चं एकही फळ नाही. वर "६८ टक्के फळं एका एसडीच्या आत" असं कुणी ठोकून दिलं तर इथं ती १०० टक्के आहेत, कारण तो ६८ चा नियम घंटेच्या आकाराच्या नॉर्मल डेटाचा आहे, कुठल्याही ढिगाचा नाही. आधी ढीग वेगळे करा, मग मोजा.

एन की एन वजा एक

हा सगळ्यात जास्त वादाचा प्रश्न: भागायचं कशानं, एन (एकूण आकडे किती) नं की त्यातून एक वजा करून? टेबलवरची दुसऱ्या ठेल्याची पाच संत्री एवढाच तुमचा विषय असेल तर ५ नं भागा, २८.३. पण पाचांवरून अख्ख्या ठेल्याचा अंदाज बांधायचा असेल तर ४ नं, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज ४००० भागिले ४, १०००, एसडी ३१.६. काहून? कारण सरासरीही त्याच पाचांमधून काढलीये, आणि आकडे स्वतःच्या सरासरीला नेहमीच जास्त चिकटून असतात, त्यामुळे ५ नं भागलं की ठेल्याचा पसारा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो, बेरीज शून्य यायची असते ना. कॅल्क्युलेटरवर छोटा सिग्मा एक्स (σx) म्हणजे पहिलं, एस एक्स (sx) म्हणजे दुसरं. एक्सेलमध्ये एसटीडीईव्ही डॉट पी आणि डॉट एस. पेपरात "सॅम्पल" शब्द आहे का ते वाचा आणि कशानं भागलं ते एका ओळीत लिहा. स्टँडर्ड एरर अजून वेगळी गोष्ट आहे, ३१.६ ला ५ च्या वर्गमुळानं भागून १४.१ येतात, पण तो सरासरीच्या अंदाजाचा डगमगाट आहे, संत्र्यांचा नाही. ग्राफवर छोटी दांडी दिसावी म्हणून लोक एसडीच्या जागी तो टाकतात आणि सांगतही नाहीत, ही तर शुद्ध लबाडी झाली.

हे सगळं वहीत उतरवून होईपर्यंत पोरांनी दुसऱ्या ठेल्याची चार संत्री सोलून खाल्ली होती, ११० चं तेवढं उरलं. मी म्हटलं आता काढा याचा सॅम्पल एसडी. एक वजा एक, शून्यानं भागाकार, स्क्रीनवर एरर.